पडद्यामागच्या हातांचीही नोंद ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-बंदूकबाजांच्या सिनेमांवर लेख आला होता, आवडला. नट क्लिंट ईस्टवुड, दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचे ते डोळ्यांचे क्लोजअप, मॉरिकोनेचं संगीत, सगळं आलं त्यात. पण ज्यांनी तो सिनेमा हाताने उभा केला ती माणसं राहून गेली, म्हणून हे पत्र.

'सॅड हिल अनअर्थ्ड' नावाची २०१७ ची एक स्पॅनिश डॉक्युमेंटरी आहे, गियेर्मो दे ऑलिव्हेरा यांची. लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चं शूटिंग कसं झालं आणि पुढे त्या सेटचं काय झालं, यावर. मुलीने लावून दिली, मी जेवण झाल्यावर अर्धा तास बघून झोपेन म्हणून बसलो आणि संपेपर्यंत उठलो नाही.

त्या सिनेमाचा शेवट आठवतोय ना, तुको नावाचा दरोडेखोर वेड्यासारखा थडग्यांमधून पळत सुटतो, कॅमेरा त्याच्यासोबत गरगर फिरतो, संगीत चढत जातं आणि मग मधल्या गोल दगडी फरशीवर तिघं एकमेकांसमोर उभे राहतात. कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला तेव्हापासून मी समजत होतो की हे सिनेमातलं 'सॅड हिल' म्हणजे अमेरिकेतलं कुठलंतरी खरंखुरं कब्रस्तान असणार. तर ते स्पेनमध्ये, बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोस गावाजवळच्या एका दरीत. आणि तो निव्वळ सेट! १९६६ साली स्पॅनिश लष्कराच्या जवानांनी पाच हजारांच्या वर खोटी थडगी तिथे रचली, मातीचे उंचवटे घालून, वर लाकडी क्रॉस ठोकून. डिझाइन कार्लो सिमी यांचं, पण घाम त्या पोरांचा.

पुलाचा किस्सा तर ऐकावाच असा आहे. सिनेमात जो पूल उडवतात तो पण लष्करानेच आर्लान्सा नदीवर बांधलेला. बटण दाबायचा मान एका स्पॅनिश कॅप्टनला दिला होता, पण इशाऱ्यात काहीतरी गोंधळ झाला, त्याला वाटलं आपल्यालाच सांगितलं, दाबलं बटण, आणि कॅमेरे सुरूच नव्हते! एवढा मोठा पूल गेला आणि फिल्मवर काहीच नाही. मग लष्कराने तोच पूल परत उभा केला, आपण पडद्यावर बघतो तो दुसऱ्यांदा उडवलेला. किती वेळा बघितलाय मी तो सीन, एकदाही त्या पुन्हा पूल बांधणाऱ्यांचा विचार मनात आला नव्हता.

शूटिंग संपलं, युनिट गेलं, क्रॉस नाहीसे झाले, दरीत गवत माजलं आणि पन्नासेक वर्षांत मधली ती दगडी फरशी पार मातीखाली गेली. २०१५ मध्ये आसपासची काही मंडळी कुदळी-फावडी घेऊन तिथे खणायला लागली. त्यांच्या हाकेवर लांब लांबून माणसं यायला लागली, सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता. कुदळीला खट्‌कन दगड लागतो आणि ती माणसं वाकून हाताने माती बाजूला करतात, ते बघताना माझ्या घशात आवंढा आला. १५ युरो दिले की एका थडग्यावर तुमचं नाव, असं करून त्यांनी खर्च भागवला. जुलै २०१६ मध्ये, सिनेमाला पन्नास वर्षं होतायत म्हणून, त्याच दरीत रात्री उघड्यावर सिनेमा दाखवला आणि त्याआधी पडद्यावर ईस्टवुड स्वतः त्यांचे आभार मानताना दिसला. तेव्हाचे त्या लोकांचे चेहरे बघा, एवढंच सांगतो.

डॉक्युमेंटरीत मॉरिकोने स्वतः बोलतात. ते २०२० मध्ये गेले. लिओने तर १९८९ मध्येच गेलेले. म्हणजे वेळेत कॅमेरा घेऊन कुणीतरी पोचलं म्हणून एवढं तरी हाती लागलं.

आता माझ्या मनातलं. मी कोल्हापूरचा. माझे मामा स्टुडिओत सुतारकाम करायचे. फळ्या, गोणपाट आणि वरून रंग मारून चार दिवसांत वाडा उभा करायचे, भिंतीला हात लावला तर हलायची पण पडद्यावर चिरेबंदी दिसायची. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा खिळ्यांचा डबा धरायला मला उभं करायचे. कुठल्या सिनेमाचे सेट, कुणाबरोबर काम केलं, एक ओळ कुठे लिहिलेली नाही, आणि आम्ही घरच्यांनीसुद्धा विचारून ठेवलं नाही याचं फार वाईट वाटतं. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली.

म्हणून विनंती आहे की पुरवणीत एखादा कोपरा लाईटमन, सुतार, रंगारी, मेकअपवाले, ड्रेसवाले यांच्यासाठी ठेवा. नटनट्यांच्या मुलाखती येतातच, त्या येऊ देत. आमच्याच पेठेत एक मेकअपवाले काका आहेत, ऐंशीच्या पुढचे. दुपारनंतर दमतात, पण सकाळी दहाच्या आत गेलं तर कुणाला कुठली दाढी लावली ते सुद्धा सांगतात. तुमचा माणूस रेकॉर्डर घेऊन येणार असेल तर मी स्वतः घेऊन जाईन, फक्त या महिन्यातच पाठवा.

आपला,
एक जुना वाचक, कोल्हापूर