मंत्रीसाहेब, जालना म्हणजे फक्त 'अॅडिशनल प्लेस' का?

मा. अर्थ व नियोजन मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

साहेब, मी जालन्यात टॅक्सचं काम करतो. आधी सेल्स टॅक्स होता, मग व्हॅट आला, मग जीएसटी, माणूस तोच अन् खुर्चीपण तीच. मोंढ्यातले अडते, बियाणेवाले, दोन-चार रोलिंग मिलवाले अशा माझ्या पार्ट्या आहेत, त्यामुळं आकडे मला पेपरातून कळत नाहीत, लोकांच्या वह्यांतून कळतात, म्हणून हे पत्र.

कुठलाही मोठा कार्यक्रम असू द्या, स्टेजवरून कुणीतरी म्हणतंच की एकटी मुंबई अमक्या देशाला भारी आहे, पुणे तमक्या राज्याएवढं आहे, आणि मग आमच्याकडं बघून मराठवाड्यासाठी निधी कमी पडू देणार नाही. म्हणजे कमावणारे ते, आम्ही खाणारे. टाळ्या वाजतात, आमचेच लोक वाजवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही तुलना करायच्या आधी मोजमाप तरी धड करा.

मुंबईचाच आकडा घ्या ना. व्हॉट्सअॅपवर ३१० अब्ज डॉलर फिरतंय, लोक छाती फुगवून फॉरवर्ड करायलेत. नीती आयोगानं मुंबई महानगर प्रदेशाचा जो आर्थिक आराखडा केला त्यात मात्र आत्ताचा जीडीपी १४० अब्ज डॉलर धरलाय आणि २०३० पर्यंत तो ३०० अब्ज करायचं टार्गेट आहे. म्हणजे व्हॉट्सअॅपवरची मुंबई सरकारच्या २०३० च्या टार्गेटच्याही पुढं निघून गेलीय! एवढा फरक पडतो कारण मुंबई म्हणजे नेमकं काय ते कुणी सांगत नाही. कुणी महापालिकेची हद्द धरतं, कुणी ठाणे, पनवेल, वसईसकट ६ हजार चौरस किलोमीटरचा सगळा प्रदेश धरतं, वर कुणी डॉलर बाजारभावानं मोजतं आणि कुणी पीपीपीनं, म्हणजे इथली स्वस्ताई हिशेबात धरून. पीपीपीनं एक डॉलर बाजारभावाच्या साधारण पाव किमतीत बसतो, त्यामुळं काहीच न करता शहर चौपट श्रीमंत दिसतं. मग त्या पीपीपीच्या मुंबईला बाजारभावाच्या सिंगापूरशेजारी उभं करायचं, झाली हेडलाइन. सिंगापूरची वस्ती ६० लाखांच्या आसपास आणि जीडीपी ५०० अब्ज डॉलरच्या घरात, आणि आपल्या महानगर प्रदेशात माणसं २ कोटींच्या वर. बाकीचं गणित तुमचे सचिव करतील.

अमेरिकेत हे काम सरकारच करतं. तिथं महानगराचा जीडीपी दरवर्षी जाहीर होतो, आणि महानगर म्हणजे महापालिका नाही. आजूबाजूच्या काउंटीतले (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कामावर जाणारे किमान २५ टक्के लोक मुख्य शहराकडं रोज कामाला येत असतील तर ती काउंटी त्या महानगरात धरतात, मग मध्ये राज्याची हद्द का असेना. न्यूयॉर्कच्या आकड्यात न्यू जर्सीचा मोठा तुकडा तसाच आलाय, आणि तो सगळा मिळून २ ट्रिलियन डॉलरच्या वर जातो, म्हणजे आख्ख्या भारताच्या निम्म्याहून जास्त. ओईसीडीवाले (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) हीच अट १५ टक्क्यांवर ठेवतात. आपल्याकडं दिल्लीचा आकडा मिळतो कारण तिचा हिशेब राज्यासारखा होतो, बाकी बहुतेक शहरांना जिल्ह्याच्या आकड्यावर भागवावं लागतं. तो जिल्ह्याचा आकडा आपलं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, बजेटच्या आधी आर्थिक पाहणीत येतो, मी दरवर्षी बघतो. मुंबई, ठाणे, पुणे वर, आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, आमचं हिंगोली खाली. संचालनालयाच्या मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही, पण बँका, विमा, रेल्वे असल्या कितीतरी गोष्टींचा राज्याचा एकच आकडा घेऊन तो कुठल्या ना कुठल्या निकषानं जिल्ह्यांत वाटावा लागतो, आणि दरडोई काढताना भागायला जनगणना हातात आहे २०११ ची.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, हे तुम्हाला कुठलाच सल्लागार सांगायचा नाही. जीएसटीत एका राज्यात एका कंपनीला साधारण एकच नंबर असतो. समजा भट्टी जालन्याच्या एमआयडीसीत, मजूर जालन्याचे, वीज जालन्यात जळाली, धूर आम्ही खाल्ला, पण शेठनी हेड ऑफिस मुंबईत टाकलंय. मग रजिस्ट्रेशनमध्ये 'प्रिन्सिपल प्लेस ऑफ बिझनेस' मुंबई, आणि जालना कुठं, तर खाली 'अॅडिशनल प्लेस'मध्ये. सगळी विक्री, सगळा टॅक्स मुंबईच्या नावावर दिसतो. इन्कम टॅक्सचंही तसंच, कंपनीचं ऑफिस जिथं तिथं फाइल. आणि मग भाषणात ऐकायचं की देशाचा एवढा टॅक्स एकटी मुंबई भरते. भरते म्हणजे काय हो, चलान तिथनं फाटतं! ती सळई कुणी वितळवली? आणि तीच सळई हैदराबादला गेली तर जीएसटीतला राज्याचा वाटा तेलंगणाला, कारण हा टॅक्स जिथं माल खपतो तिथला आहे. म्हणजे टॅक्स किती जमला यावरून कुठल्या शहरानं किती पिकवलं हे ठरवणं म्हणजे मोंढ्यातल्या पावत्या मोजून शेत कुणाचं ते सांगण्यासारखं आहे.

हा घोळ आपल्यालाच आहे असं नाही. आयर्लंडचा जीडीपी २०१५ ला एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढला असं जाहीर झालं. तिथं काय नवीन खाण सापडली नव्हती, मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपली पेटंटं वगैरे कागदोपत्री तिकडं हलवली होती. पण तिथल्या सांख्यिकी खात्यानं नुसती मान डोलावली नाही, हा फुगवटा वजा करून देशाचं उत्पन्न दाखवणारा दुसरा आकडा काढला आणि तोही दरवर्षी छापायला लागले. असं आपल्याला करायला कुणी अडवलंय?

आमच्याही लोकांचे कान धरतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. जालना सोने का पालना म्हणायची आमच्याकडं जुनी सवय, त्यामुळं स्टीलची उलाढाल इतके हजार कोटी, बियाण्याची इतके, असं सगळं बेरजेत घेऊन आम्हीही मिशीला पीळ देतो. उलाढाल म्हणजे उत्पादन नव्हे बाबांनो. समजा ३५ रुपयांचं भंगार आणलं, १० ची वीज आणि बाकी माल लागला, ५० ला सळई विकली, तर जालन्यानं घातलेली भर ५ रुपये, ५० नाही. त्या ५ तच मजुराचा पगार, व्याज, शेठचा नफा सगळं आलं. मी हे एका शेठना सांगितलं तर ते म्हणले, वकीलसाहेब, तुम्ही आम्हाला लहान करायलाव. (मी वकील नाही, पण इकडं रिटर्न भरणारा प्रत्येक जण वकीलसाहेबच असतो.)

आणि माणसांचा हिशेब तर कुठंच नाही. दसरा-दिवाळी झाली की बीडकडचे, आमच्या जिल्ह्यातलेही ऊसतोडीचे कोयते उचल (आगाऊ पैसे) घेऊन मुकादमाच्या मागं निघतात, कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकात. तोडलेल्या उसाची किंमत तिकडच्या जिल्ह्याच्या उत्पन्नात. माझा पुतण्या चाकणला आहे, मशीन चालवतो, त्याचं काम पुण्याच्या जीडीपीत, पण त्याचं शिक्षण इथं झालं, आई-बाप इथं, आजारपणं इथं, म्हातारपणाला तोही इथंच येणार. उत्पन्न तयार कुठं झालं हा एक आकडा, आणि ते कुणाच्या पदरात पडलं हा दुसरा. तुम्ही पहिलाच छापता. रोज ये-जा करणाऱ्यांवरनं महानगर ठरवायचं ती परदेशी अट आमच्या पोरांना लागूच होत नाही, कारण ती सहा महिन्यांतून एकदा ये-जा करतात, ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये, दिवाळीला दुप्पट भाडं देऊन.

पण एका ठिकाणी ती अट लागू होईल आणि तिथं तुम्ही बघतच नाहीत. संभाजीनगर ते जालना साठ-एक किलोमीटर. मध्ये शेंद्रा, ऑरिक (नवी औद्योगिक नगरी), करमाड, बदनापूर. रोज सकाळी कंपन्यांच्या बसा, मोटरसायकली, पॅसेंजर, दोन्ही बाजूंनी माणसं वाहतात, समृद्धीचं इंटरचेंज दोन्हीकडं आहे, २०२३ च्या डिसेंबरात जालन्याहून मुंबईला वंदे भारतही सुटली. तरी संभाजीनगरचं महानगर प्राधिकरण वेगळं आणि त्यात जालना नाही, कारण मध्ये जिल्ह्याची हद्द. न्यूयॉर्कला राज्याची हद्द आडवी येत नाही, आम्हाला बदनापूर आडवं येतं.

तर मागणं तीनच आहेत. राज्यातल्या मोठ्या शहरांचा जीडीपी दरवर्षी काढा, पण ये-जा मोजून हद्द ठरवा आणि संभाजीनगर-जालना एकत्र धरा. टॅक्सचे आकडे सांगताना अॅडिशनल प्लेसचा कॉलम उघडा, पोर्टलवर पत्ते सगळे भरलेले आहेत, मीच भरलेत. आणि जिल्ह्याच्या उत्पन्नाशेजारी लोकांच्या पदरात पडलेलं उत्पन्न छापा, मग कोण कुणाला पोसतंय ते दिसू द्या, आमच्या विरोधात निघालं तरी चालेल. केळकर समितीनं २०१३ ला समतोल विकासाचा एवढा मोठा अहवाल दिला, प्रादेशिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, त्याबद्दल मी लिहीत बसत नाही, ते लिहून लिहून लोक म्हातारे झाले. मी फक्त कॉलम मागतोय.

मार्चमध्ये पाहणी आली की पहिलं तेच पान उघडीन. आज १८ तारीख, परवा ३बीची (जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची) लास्ट डेट आहे आणि पोर्टल आत्तापासूनच गोल गोल फिरायलंय, त्यामुळं इथंच थांबतो.

आपला,
जालन्यातला एक रिटर्नवाला
(प्रिन्सिपल प्लेस : जालना)