दोनशेच्या पुढे काय

प्रिय पंक्या,

परवा फोनवर तू विचारलं का आमच्या संस्थेच्या निधीच्या अर्जाचं काय झालं, आणि मी "होऊन राहिलं" म्हणून विषय बदलला. पहिला अर्ज नापास झाला होता गड्या, तेव्हा सांगावंसं वाटलं नाही. आता दुसरा लिहायला घेतला आहे आणि त्यात तुझी मदत पाहिजे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

तुला तो कुरखेड्याकडचा पोट्टा सांगितला होता नं, सात वर्षांचा, सिकलसेलचा, एसएस, म्हणजे रक्तातला हा दोष माय-बाप दोघांकडून आलेला. सकाळी जेवताना उजव्या हातातला घास तोंडापर्यंत जाईना. माय सांगत होती, "मले वाटलं झोपीत हात दबला असन." रोवणीचे दिवस, घरी दुसरं कोणी नाही, दुपारी तोंड वाकडं झालं तेव्हा गाडी शोधायला धावली. तिथून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. माझ्याकडे तो दीड महिन्यानं आला. मी शर्टाचं बटण लाव म्हटलं तर त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवून दिला, दुसऱ्या कोणाची वस्तू बाजूला ठेवावी तसा, आणि मग डाव्या हातानं बटणाशी झटायला लागला. एक बटण लागायला चार मिनिटं गेली आणि मी काही बोलू शकलो नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला ही पोरं नेहमी स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, येऊन गेल्यावरच भेटतात, आधी कधीच नाही, आणि हेच मला झोपू देत नाही.

कारण आधी कळू शकते रे. सिकलसेलमध्ये मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी हळूहळू आतून अरुंद होत जाते, आणि पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं का पाणी कसं जोरात सुटते तसं रक्त तिथून धावते. तो वेग बाहेरून मोजता येते. टीसीडी म्हणतात त्याला, ट्रान्सक्रेनियल डॉपलर, १९८२ पासून आहे. मी नागपूरला एकदा बाजूला बसून पाहिलं. कानाच्या पुढे, कानशिलावर थोडी जेल लावतात, पेनासारखा प्रोब टेकवतात, आणि मशीनमधून सूं-सूं आवाज येते, ठोक्याच्या तालावर. सुई नाही, रेडिएशन नाही. पोरगं जागं पाहिजे बस, झोपलं तर आकडा बदलते, म्हणून ते डॉक्टर त्या पोरीशी सारख्या गप्पा मारत होते, शाळेत काय शिकवलं, बकरीचं नाव काय. सेकंदाला १७० सेंटीमीटरच्या खाली असलं तर ठीक, २०० किंवा वर गेलं तर धोका, मधलं असलं तर पुन्हा लवकर बोलावून पाहायचं. अमेरिकेत १९९८ ला अभ्यास छापला गेला, १३० पोरं होती, सगळ्यांचा आकडा २०० च्या वर, अर्ध्यांना नियमित रक्त देत गेले आणि त्यांच्यात स्ट्रोकचा धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला. त्याआधी तिकडे एसएसच्या शंभरातल्या अकराएक पोरांना विसाव्या वर्षाच्या आत स्ट्रोक होत होता. इतकी वर्षं झाली या गोष्टीला, आणि आपल्या गावातल्या मायला हात दबला असंच वाटते.

तर पहिला अर्ज. जाहिरातीत "नावीन्यपूर्ण न्यूरॉलॉजी प्रकल्प" असं होतं आणि तो शब्द वाचून आम्ही घाबरलोच. आमच्याकडे नवीन काय? मशीन जुनं, औषध जुनं. मग अर्ज लिहून देणाऱ्या एका माणसाचं ऐकून आम्ही ॲप घातलं, एआय घातलं, क्लाउड घातलं, आणि सिकलसेल किती भयंकर आहे यावर तीन पानं लिहिली. नकाराच्या पत्रात परीक्षकाची एकच ओळ होती, मी ती कापून टेबलावर चिकटवली आहे: ज्या मुलाचा आकडा २०० च्या वर येईल, त्याचं दुसऱ्या दिवशी काय करणार? पंक्या, आमच्याकडे उत्तर नव्हतं. एकोणीस पानांत कुठंच नव्हतं. दोन दिवस राग आला आणि तिसऱ्या दिवशी कळलं का माणूस बरोबर विचारून राहिला.

म्हणून आता अर्ज तिथूनच सुरू केला आहे. आकडा आला का दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा मोजायचं, नक्की करायचं. मग खरं संकट. दर महिन्याला रक्त द्यायचं म्हणजे महिन्याला एक मजुरी बुडाली, बसचं भाडं, पिशवीसाठी रक्तदाता, आणि वर्षानुवर्षं रक्त दिलं का अंगात लोह साचते त्याचं वेगळं औषध. हे आपल्याकडे किती घरांना झेपेल? नायजेरियात हाच प्रश्न होता, तर त्यांनी हायड्रॉक्सियुरियाची गोळी देऊन पाहिली, कमी आणि मध्यम असे दोन डोस, दोन्हीकडे स्ट्रोकचं प्रमाण सारखंच कमी राहिलं. ती गोळी आपल्या सरकारी कार्यक्रमात आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी आहे त्यात, त्यामुळे कोणतं पोरगं एसएस आहे हे आता गावोगाव कळून राहिलं. पण त्या तपासणीच्या कार्डावरून मेंदूकडे रक्त कसं जाते ते कळत नाही, तेवढी एक पायरी आम्हाला जोडायची आहे, आणि २०० वाल्या पोराच्या घरी आशाताई गोळ्या मोजायला दर पंधरा दिवसांनी जाईल इथपर्यंत लिहून काढायचं आहे.

आणि शोधायचं पण आहे काहीतरी, ते मला लिहिता लिहिताच उमगलं. २०० चा आकडा तिकडच्या पोरांवरून आला. आपल्याकडच्या सिकलसेलचा प्रकार वेगळा, अरब-इंडियन म्हणतात, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहते, ते आजाराला आवर घालते, म्हणून गंज वर्षं सगळे म्हणत आले का भारतातला आजार सौम्य. नागपूरच्या वॉर्डात बसून पहा किती सौम्य आहे ते. आपल्या पोरांत किती जण २०० च्या पुढे जातात हे आपल्याच गावांत मोजलं पाहिजे. यापेक्षा नवीन काय असते मला सांग.

कामाचं वेळापत्रकसुद्धा मी बदललं. आधी बाराही महिने सारखे भरले होते, दर महिन्याला चार शिबिरं. आता मार्च-एप्रिलमध्ये सकाळचं शिबिर नाही, कारण सकाळी बाया मोहा वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. जुलै-ऑगस्ट कोरा ठेवला, रोवणी सोडून कोणी येणार नाही आणि यावं असं म्हणायचा मला हक्क पण नाही. परीक्षकाला हे आळशीपणाचं वाटलं तर वाटो, मी त्याखाली कारण लिहिलं आहे.

आता तुझं काम. पैसा बाहेरून घेता येत नाही आम्हाला, एफसीआरए, म्हणजे परदेशी पैसा घ्यायची नोंदणी, नाही, त्यासाठी संस्थेला तीन वर्षं झालेली पाहिजे आणि त्यात पंधरा लाख खर्च झालेला पाहिजे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसरी मोठी संस्था तिचा परदेशी पैसा आम्हाला पुढे देऊ शकत नाही. म्हणून इथल्याच ट्रस्टकडे आणि कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे समाजकामाच्या निधीकडे, मागून राहिलो. त्याला लागणारे नोंदणीचे कागद, बारा-ए, ऐंशी-जी, दर्पण, सीएसआर-वन, सगळं आहे. एथिक्स कमिटीचा कागद फिरून राहिला, त्यात पालकांच्या संमतीपत्राची भाषा मी तीनदा बदलली, कारण "आकडा वाढला म्हणजे झटका आला असं नाही" हे त्या मायला वाचून दाखवलं तर समजलं पाहिजे.

अडते बजेटवर. सगळे म्हणतात मशीनचे पैसे मिळून जाईल, पगार कमी दाखव. मी नाही दाखवणार. मशीन चालवायला शिकलेली नर्स नसली तर ते कपाटात राहील, तू पण पाहिली आहेत तशी कपाटं. तिचा पगार, प्रशिक्षण, आणि घरी जाणाऱ्या आशाताईंचा प्रवासखर्च या तीन ओळी मला कापू द्यायच्या नाही आहे, बाकी कुठून काय कमी होते ते तू सीएच्या नजरेनं पहा. शीट सोबत पाठवली आहे. दुसऱ्या वर्षाचा पगार मी पहिल्याएवढाच धरला, ते चूक आहे का सांग.

तो पोट्टा अजून येते दर मंगळवारी. परवा उजव्या हाताच्या बोटांनी बटण पकडलं त्यानं, लावता नाही आलं, पण पकडून ठेवलं. त्याची लहान बहीण सोबत असते, तीन वर्षांची, ती पण एसएस. तिचं अजून काहीच झालेलं नाही.

महिनाअखेर शेवटची तारीख आहे. शुक्रवारी रात्री रेंज असली तर फोन करतो, नसली तर शनिवारी वडशाला येऊन करतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विज्या