वाचता येऊ लागले म्हणून वाचून दाखवणे थांबवू नका

मा. संपादक,
स. न.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून आपल्या राज्यात 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मुले हातात पुस्तक धरून ओळीने बसतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तके कपाटात जातात. फोटो वर पाठवावेच लागतात, हे मला ठाऊक आहे. माझी सारी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. पण मला बोलायचे आहे ते घराबद्दल.

मूल मांडीवर मावते तोवर बरेच आईवडील त्याला पुस्तक वाचून दाखवतात. पहिली-दुसरीत अक्षरे लागू लागली, की 'आता तुझं तू वाच' म्हणून मोकळे होतात. नेमके इथेच चुकते. या वयात मुलाचा कान डोळ्यांच्या बराच पुढे असतो. माझी नात इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. मराठीचा धडा स्वतः वाचताना 'तऱ्हेवाईक', 'उद्ध्वस्त' अशा शब्दांपाशी अडते, जोडाक्षर फोडून लावते, आणि ओळ संपेस्तोवर सुरुवात विसरलेली असते. असे वाचून गोष्टीची गोडी कशी लागणार? तेच मी वाचायला घेतले, की मध्येच थांबवून विचारते, "आजी, तो घाबरला की नुसता ओशाळला?"

आता 'ओशाळला' असे आमच्या घरात एरवी कोण म्हणते? आपले रोजचे बोलणे 'जेवलास का, डबा घे, मोबाईल ठेव' यापलीकडे फारसे जात नाही. हेस आणि अ‍ॅरेन्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ मध्ये दाखवून दिले होते, की पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकांत कमी प्रचारातले शब्द जास्त असतात. त्यांनी तपासली ती इंग्रजी. आपल्याकडे, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या घरांत, मराठीची गत याहून वेगळी असेल असे मला वाटत नाही. पुढे हाच शब्द छापलेला भेटला, की मुलाला फक्त अक्षरे लावायची उरतात, अर्थ आधीच ठाऊक असतो.

आपल्याला हे नवीनही नाही. श्रावणात पोथी लावायचे, तेव्हा एक जण वाचायचा आणि आळी ऐकायची. ऐकणाऱ्या कित्येक बायकांना सही करता येत नव्हती, पण श्रीधरस्वामींच्या ओव्या त्यांच्या बोलण्यात सहज यायच्या.

वेळ नाही, ही तक्रार मला मान्य आहे. लोकलला लोंबकळून रात्री घरी पोचणाऱ्या माणसाला रोज गोष्ट वाच म्हणणे सोपे नाही. पण दहा मिनिटे पुरतात, आणि रोजच जमले पाहिजे असेही नाही. पोळ्या होईपर्यंत बाबांनी वाचावे, नाहीतर आजी-आजोबांनी. उच्चार शुद्धच हवेत असेही नाही. मालवणी किंवा वऱ्हाडी हेल मुलांना आवडतो. एकच विनंती, वाचून झाल्यावर 'तात्पर्य काय?' विचारू नका. शिक्षिका असून सांगते, त्या प्रश्नाने गोष्टीचा तास होतो आणि मूल उद्या पुस्तक घेऊन येत नाही.

पुस्तके परवडत नाहीत, असेही ऐकू येते. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. सहावी-सातवीच्या मुलांनाही त्यातले वाचून दाखवता येते. तोंड वाकडे करतील, पण खोलीतून उठून जाणार नाहीत.

आपल्याकडेही एक मागणे आहे. रविवारच्या बालविभागात कोडी, रंगवायचे चित्र आणि चार ओळींची बोधकथा असते. त्याऐवजी मोठ्या टायपात दहा मिनिटे पुरेल अशी एक गोष्ट छापावी, आणि जमल्यास क्रमशः. मोठ्यांना वाचायला विसर पडला, तरी पुढच्या रविवारी पोरेच पेपर घेऊन मागे लागतील.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, डोंबिवली