प्रीपेड मीटरमधून बाहेर कसं पडायचं, तेवढं छापाल का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात प्रीपेड मीटरची भलामण करणारा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसले, आज राहवलं नाही म्हणून लिहायला घेतलं. ब्रिटनसारख्या प्रगत देशात लाखो कुटुंबं आधी पैसे भरतात आणि मग वीज वापरतात, मग आपल्याकडेच एवढा बाऊ कशाला, असा त्या लेखाचा एकूण सूर. लाखो कुटुंबं वापरतात हे खरं आहे. चाळीस लाखांच्या आसपास असतील. पण ती कुटुंबं कोणती, हे सांगायला लेखकमहाशयांना जागा पुरली नसावी. शेजारी अर्धं पान सराफाची जाहिरात होती, तेव्हा आपली अडचण समजू शकते.

2022 चा हिवाळा मी इंग्लंडात काढला, मुलीच्या बाळंतपणासाठी. भाड्याचं घर, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. विजेचा मीटर जिन्याखालच्या कपाटात आणि गॅसचा बाहेर, दाराशेजारच्या पेटीत. दोन्ही प्रीपेड आणि दोन्ही जुन्या पद्धतीचे. विजेसाठी प्लास्टिकची एक किल्ली, गॅससाठी कार्ड. त्या दोन वस्तू घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, रोख मोजायचे, दुकानदार यंत्रात किल्ली खुपसून पैसे भरणार, मग घरी येऊन ती मीटरमध्ये घालायची. मोबाइलवरून एका मिनिटात रिचार्ज वगैरे जे लेखात आहे ते नव्या मीटरांचं. तिथल्या गरीब वस्त्यांतून ही किल्लीची वारी तेव्हाही चालूच होती. आमचा दुकानदार आणंदचा होता, भला माणूस. 'आंटी, दस पाउंड मां शुं थाय, वीस भरो,' असा सल्ला तो न मागता द्यायचा.

डिसेंबरात बर्फ पडला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाळाला तेल लावून झालं, अंघोळीला घ्यायचं म्हणून नळ सोडला तर पाणी गार. बॉयलर बंद, खोल्या तापवणारे रेडिएटर बंद. गॅसचे पैसे संपले होते. अशा वेळी पाचदहा पौंडांचं 'इमर्जन्सी क्रेडिट' मिळतं, तर ते आदल्याच दिवशी वापरून झालेलं. जावई तसाच पायात चपला सरकवून धावला. दुकानदार शटर ओढत होता, ओळखीचा म्हणून थांबला. दहा पौंड भरून आणले, बाहेरच्या पेटीशी वाकून कार्ड आत सरकवलं आणि पडद्यावर आकडा आला तीन पौंड आणि काही पेन्स! बाकीचे कुठे गेले? वापरलेलं इमर्जन्सी क्रेडिट आधी कापलं. मग रोजचा स्थिर आकार. हा गॅस पेटवा न पेटवा, चढतच राहतो. वीज आणि गॅस मिळून तेव्हा दिवसाला पाऊण पौंडाच्या वर जायचा. आणि उरलेली कापणी कशाची, तर थकबाकीच्या हप्त्याची. थकबाकी कोणाची? आमच्या आधी त्या घरात राहून गेलेल्या भाडेकरूची! तो राहिला, त्याने जाळला आणि फेडतंय कोण, तर माझी बाळंतीण मुलगी.

टॉवेलात गुंडाळलेलं नातवंड छातीशी धरून मी स्वयंपाकघरात उभी होते. विजेच्या किटलीत पाणी तापवायचं तर विजेच्या किल्लीत किती उरलेत, तेही आधी बघायला हवं. लेखातलं एक वाक्य असं आहे की प्रीपेडमुळे 'ग्राहकाला वापराचं भान येतं'. आलं हो, चांगलंच आलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलीने ध्यास घेतला, की हा मीटर काढून साधा, बिलाचा मीटर बसवून घ्यायचा. आधी वापर, महिन्याने बिल, तेही थेट बँकेतून जाणारं. तिथे भाडेकरूला हे करता येतं, बिल त्याच्या नावावर असेल तर तो हक्कच आहे. पण हक्क कागदावर आणि आपण फोनवर. कंपनी म्हणाली, आधी थकबाकी शून्य करा. ती आमची नाहीच हे पटवण्यासाठी भाडेकरार पाठवला, घरात शिरलो त्या दिवसाच्या मीटरच्या आकड्याचा फोटो पाठवला. मग म्हणाले, तुमची पत तपासावी लागेल. या दोघांना त्या देशात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही, म्हणजे पतही नाही. इथे आम्ही मुलांना जन्मभर शिकवलं की कोणाचं देणं ठेवू नका, तिथे ज्याने देणं ठेवलं नाही त्याच्यावर विश्वास नाही. मग अनामत ठेवा म्हणाले. तेवढ्यात घरमालकाचा एजंट उपटला. घर सोडताना पुन्हा प्रीपेड बसवून द्यावा लागेल, हे त्याने लिहून मागितलं. शेवटी माणूस आला आणि मीटर बदलून गेला. बदलण्याचे पैसे लागले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तोवर थंडी ओसरत आली होती.

त्याच हिवाळ्यात तिथल्या सरकारने घराघराला 400 पौंडांची मदत दिली. बँकेतून बिल भरणाऱ्यांच्या खात्यावर ती आपोआप जमा होत होती. जुन्या प्रीपेडवाल्यांना मात्र दरमहा टपालाने 66-67 पौंडांचं व्हाउचर, तेही ओळखपत्र घेऊन दुकानात जाऊन वटवायचं. अशी कित्येक व्हाउचरं वटलीच नाहीत. आमचं पहिलं त्या थोर आदल्या भाडेकरूच्याच नावाने आलं! आणि दर? आधी पैसे मोजणाऱ्याला वीज-गॅस महाग, नंतर थेट बँकेतून भरणाऱ्याला स्वस्त. हा उफराटा न्याय 2023 च्या जुलैपर्यंत होता. पुढे एप्रिल 2024 पासून तिथल्या नियामकाने, ऑफजेमने, स्थिर आकारातला फरक कायमचा काढून टाकला. इतकी वर्षं तो का चालला, हे कोणी विचारायचं?

लेखकमहाशयांनी ब्रिटनचा दाखला दिलाच आहे, तर फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे काय झालं तेही द्यायचं. 'द टाइम्स' या वर्तमानपत्राचा वार्ताहर वसुली एजंटांमध्ये मिसळून फिरला. बिल थकलेल्या घरांची कुलपं उघडून, लहान मुलं आणि अपंग माणसं असलेल्या घरांतही, प्रीपेड मीटर कसे जबरदस्तीने बसवले जातात ते त्याने छापलं. देशभर गदारोळ झाला. ऑफजेमने कंपन्यांना असे मीटर बसवणं थांबवायला लावलं, न्यायालयांनी त्यासाठीची वॉरंटं देणं थांबवलं. पुढे नियम आले, की घरात दुसरा आधार नसलेली पंचाहत्तरीपुढची माणसं किंवा दोन वर्षांखालचं मूल असेल तिथे सक्ती करायची नाही. तिथलं वर्तमानपत्र हे करतं. आमचं वर्तमानपत्र 'प्रगत देशात लाखो कुटुंबं' छापतं. राग मानू नये.

आता आपल्याकडचं. जून 2024 मध्ये देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री होते. सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यानंतर जे स्मार्ट मीटर बसू लागले ते पोस्टपेड, म्हणजे बिल आधीसारखंच महिन्याने, असं सांगतात. ठीक. पण पेटी बदललीच ना? ही पेटी कार्यालयात बसून, घरी कोणालाही न पाठवता, पोस्टपेडची प्रीपेड करता येते. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांचे स्मार्ट मीटर असेच दुरून फिरवले गेले. त्याला कुलूप तोडावं लागत नाही की कोर्टात जावं लागत नाही. आपल्याकडे हे बटण कोणाच्या हातात राहणार? माझ्या लेखी संमतीशिवाय ते दाबता येणार नाही, असं कुठे लिहून मिळणार आहे? आणि एखाद्याने सवलतीच्या मोहाने स्वतःहून प्रीपेड घेतला, चार महिन्यांनी नको झाला, तर परत बिलाचा मीटर किती दिवसांत? अर्ज कोणाकडे? ठेव किती? आपल्या लेखात मीटरचे फायदे ओळीने मांडले होते, यातल्या एकाचंही उत्तर नाही.

आपल्या 2003 च्या वीज कायद्यात कलम 56 आहे. बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पेन्शन उशिरा झाली, घरात कोणी आजारी पडलं, हातावर पोट असलेल्याचा खाडा झाला, तर ते पंधरा दिवस माणसाला सावरतात. प्रीपेडमध्ये ती नोटीस कुठे गेली? फोनवर एक संदेश वाजला की झालं? आमच्या मजल्यावरच्या आजी फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवतात आणि फक्त लेकीचा उचलतात.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, की जो प्रीपेड मीटर घ्यायला तयार आहे त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. ही गोष्ट लेखात मोठ्या कौतुकाने होती. कौतुक जरूर करा, पण मग बाकीच्यांना वाढीव सुरक्षा ठेवीचं जे वेगळं बिल येतं त्यावरही एकदा लिहा. वर्षानुवर्षं वेळेवर बिल भरणाऱ्यालाही ते येतं, नेमकं मुलांच्या शाळेच्या पुस्तकांच्या दिवसांत येतं, आणि सोसायटीत निम्म्या लोकांना ते कशाचं हेच कळत नाही.

लेखात शेवटी 'शिस्त' हा शब्द आला आहे. आम्ही नवरा-बायकोने नोकरीच्या सगळ्या काळात रांगेत उभं राहून बिलं भरली, पावत्या फायलीत लावल्या. ती फाइल अजून कपाटात आहे. लेखकमहाशयांनी कधीही यावं, चहा देईन, फाइलही दाखवीन. त्यांनी येताना बाहेर पडण्याच्या अर्जाचा नमुना तेवढा आणावा.

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे (पूर्व)

ता. क. मागच्या वेळी माझ्या पत्रातला मधला परिच्छेद कापलात, त्यामुळे मी नळाच्या पाण्याबद्दल तक्रार करतेय की कौतुक, हे शेजाऱ्यांनाही कळेना. हे पत्र लांबलं आहे, जाणते. कापायचंच असेल तर आणंदच्या दुकानदाराचा सल्ला कापा, दोन्ही कलमं राहू द्या.