युरिया ४६ आला म्हणून घाबरू नका

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. बाबा, ‘गेल्या वर्षी १९, यंदा ४६, म्हणजे किडनी गेली’ हा तुमचा हिशोब चुकलाय. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. जुन्या लॅबने ‘बी.यू.एन.’ छापलंय, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. नवीन लॅबने अख्खा युरिया दिलाय. १९ ला २.१४ ने गुणलं की ४१ येतात. म्हणजे वाढ ४१ वरून ४६, एवढीच. तीही बहुधा त्या प्रथिनांच्या पावडरच्या डब्याची.

खाल्लेल्या प्रथिनांचे पोटात आणि लहान आतड्यात तुकडे होतात आणि अमिनो आम्लं होऊन ती लिव्हरकडे जातात. स्नायू, रक्त, पाचक रस यांच्या डागडुजीला लागतात तेवढी वापरली जातात. उरलेली साठवायला मात्र कणगी नाही. साखरेला लिव्हरमध्ये आणि स्नायूंत थोडी जागा असते, चरबीला तर हवी तेवढी. प्रथिनांसाठी असं कोठार नसल्यामुळे लिव्हर जास्तीच्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन काढून टाकतं. त्याचा अमोनिया होतो, तो मेंदूला विषारी, म्हणून लिव्हर लगेच त्याचा युरिया बनवतं आणि तो लघवीवाटे जातो. मागे राहिलेला सांगाडा जळतो, त्याची साखर होते, नाहीतर चरबी. थोडक्यात, गरजेपेक्षा जास्त घेतलेला चमचा भाकरीचंच काम करतो, फक्त फार महागाच्या भाकरीचं.

तुमचं वजन ६० किलो. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं बास. तीन ज्वारीच्या भाकऱ्यांतून १८, वाटीभर मटकीच्या उसळीतून ८, आमटीतून ४, दोन कप दुधातून ९, दह्यातून ४, मूठभर शेंगदाण्यांतून ७, एका अंड्यातून ६. झाले ५६. त्यावर पावडरचे दोन मोठे चमचे, प्रत्येकी २४ ग्रॅम प्रथिनांचे. एकूण १०४! प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे वरच्या तीस-चाळीस ग्रॅमचा रोज दहा ते चौदा ग्रॅम जादा युरिया होतो. तो बाहेर न्यायला पाणी लागतं. तुम्ही अजिंक्यतारा चढून, घाम गाळून, पाणी न पिता तसेच रक्त द्यायला गेलात. पाणी कमी पडलं की युरिया आणखी वर दिसतो.

खरी उणीव आहे ती वाटणीत. सकाळचे पोहे-चहा म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम. म्हाताऱ्या स्नायूंना एका वेळी २५ ग्रॅमच्या आसपास मिळाली तर ती नीट वापरली जातात. म्हणून पावडर घ्यायचीच असेल तर एकच चमचा, तोही सकाळी दुधातून. संध्याकाळचा बंद. त्याऐवजी आमटी घट्ट करा, कधी कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळ करा. आणि गड चढणं सोडू नका, कामाला न लावलेल्या स्नायूंत प्रथिनं टिकत नाहीत.

किडनीचं बघायचं तर रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ), त्यावरून काढलेला ‘ई-जी-एफ-आर’ (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन). तपासणीच्या आदल्या रात्री मटण नको, शिजलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. ‘ई-जी-एफ-आर’ ६० च्या खाली आला किंवा अल्ब्युमिन सापडलं, तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवायचे आणि किती प्रथिनं खायची हे डॉक्टरांना विचारायचं. बहुतेक ते किलोमागे ०.८ च्या आसपास सांगतील. लघवीला सतत फेस येत असेल तर तो जास्त प्रथिनं खाल्ल्याचा नव्हे, किडनीतून प्रथिनं गळत असल्याचा असू शकतो. तो मात्र लपवू नका.

आई, युरिया आणि युरिक ॲसिड हे दोन वेगळे पदार्थ आहेत. युरिक ॲसिड पेशींतल्या प्युरिन नावाच्या घटकापासून होतं, आणि दूध, दही, अंडी यांत प्युरिन नगण्य असतं. बाबांचा रिपोर्ट बघून तू तुझं दही बंद करू नकोस.

अल्ब्युमिनचा रिपोर्ट आला की दोन्ही पानांचा फोटो पाठवा. मागच्या वेळी दुसरं पान राहिलं होतं, एककं त्यावरच असतात.

तुमची लेक