वकीलबाईंनी आईला शिकवलेली तीन वाक्ये

आदरणीय वकीलबाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहावे, असा आईचा आग्रह आहे. आपल्याला मराठी येत नाही हे ती जाणते. पण मनापासूनचे आभार आपल्या भाषेतच मानावेत, त्याचे इंग्रजी नात करून देईल, असे तिचे म्हणणे पडले. माझ्या मनात आणखी एक कारण आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या गावांत राहणारी काही मराठी कुटुंबे आज आम्ही होतो त्याच अवस्थेत असतील आणि दारे लावून गप्प बसली असतील, कारण 'दिवाळे निघाले' हे शब्द आपल्याकडे घरात कोणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात उच्चारले जातात. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पत्र पडले, तर त्यांना निदान एवढे कळावे की या वाटेवर आपल्यासारखे माणूस भेटू शकते.

आमची कर्जे माफ झाल्याचा कोर्टाचा आदेश 2025 च्या जूनमध्ये आला. त्याला आता काही महिने उलटून गेले, तरी दुपारी घरातला फोन वाजला की माझ्या छातीत अजून धस्स होते. म्हणून हे पत्र लिहायला इतका उशीर झाला. त्या दिवसांकडे वळून पाहण्याचे धैर्यच होत नव्हते.

आमची कहाणी आपल्याला ठाऊक आहे, ती मी थोडक्यात आटोपतो. 2023 च्या अखेरीस माझी नोकरी गेली आणि तिच्याबरोबर आरोग्यविमाही गेला. तो स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची सोय कायद्यात आहे, परंतु त्याचा हप्ता आमच्या घरभाड्याच्या जवळपास जात होता, म्हणून आम्ही तो सोडला. आणि चारच महिन्यांनी पत्नीवर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. रुग्णालयाची बिले, ती भरण्यासाठी वापरलेली क्रेडिट कार्डे, त्या कार्डांवरचे व्याज, असे करत करत आकडा 61,000 डॉलरवर पोहोचला. यात चैनीचा एक डॉलरही नव्हता, हे मी आजही स्वतःला बजावत असतो, कारण तसे कोणी विचारले नाही तरी प्रत्येकाच्या नजरेत मला तोच प्रश्न दिसत असे.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही दोन दारे ठोठावली होती. पहिले दार कर्ज 'तडजोडीने मिटवून देणाऱ्या' एका कंपनीचे. त्यांनी सांगितले की कार्डांचे हप्ते थांबवा, बँकांचे फोन घेऊ नका आणि दरमहा 480 डॉलर आमच्या खात्यात भरा. बारा महिने आम्ही भरले. एकही कर्ज मिटले नाही, त्यांची फी मात्र पहिल्या महिन्यापासून वजा होत होती, आणि त्याच काळात एका बँकेने माझ्यावर दावाही लावला. फोनवरून विकल्या जाणाऱ्या अशा सेवेने किमान एक कर्ज मिटवून दाखवल्याखेरीज त्यापोटी फी घेऊ नये, असा फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेचा नियम 2010 पासून आहे, हे मला प्रथम आपल्याकडून कळले. ज्या पैशांत मुलीच्या महाविद्यालयाच्या अर्जांची सोय झाली असती ते पैसे असे गेले, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो गेला असे मी खोटे लिहिणार नाही.

दुसरे दार एका मोठ्या वकिली कार्यालयाचे. तिथे दर वेळी वेगळा माणूस बोलत असे आणि दर वेळी मला माझी लाज पहिल्यापासून उलगडून सांगावी लागत असे. तेथील एका साहाय्यकाने मला जो सल्ला दिला तो मी विसरू शकत नाही. सातारा जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलत भावंडांसह माझेही नाव आहे, असे मी सांगितले, तेव्हा तो म्हणाला की भारतातली जमीन इथे कोण पाहायला जाते, लिहू नका. मी त्या दिवशी तिथून उठून आलो. कर्जबाजारी होतो, तरी इतका खाली उतरलो नव्हतो.

आपल्या त्या एका खोलीच्या कार्यालयात मी आलो तेव्हा दार आपणच उघडलेत, फोनही आपणच घेत होता, आणि माझी कागदपत्रेही माझ्यासमोर आपणच वाचायला घेतलीत. फी किती ते आपण पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलेत आणि अर्ज दाखल होईपर्यंत ती थोडी थोडी देण्याची मुभा दिलीत. जे कटू होते तेही लपवले नाहीत: चॅप्टर 7 ची, म्हणजे दिवाळखोरीच्या ज्या प्रकारात कर्जे माफ होतात त्याची, नोंद पतअहवालात 10 वर्षे राहील, पुढची 8 वर्षे हा मार्ग पुन्हा खुला होणार नाही, आणि जगाच्या पाठीवर कुठेही असलेली प्रत्येक वस्तू शपथेवर लिहावी लागेल. सातबाऱ्याचे मी भीत भीतच सांगितले. आपण म्हणालात, "ती जमीन सगळ्यात आधी लिहू."

नंतर तो उतारा समोर ठेवून आपण त्यातला प्रत्येक रकाना मला विचारलात. गुंठा म्हणजे काय, चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, एका गटात इतक्या जणांची नावे कशी, वाटणी झालेली नसताना माझा हिस्सा कोणता धरायचा, हे सारे आपण पिवळ्या वहीत लिहून घेतलेत. बोलता बोलता मी आपल्याला आमच्याकडची जुनी हकिकत सांगितली, की 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, तो उठाव पुढे नगर जिल्ह्यातही पसरला, आणि त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला तो आमच्या साताऱ्यालाही लागू होता. पैशाच्या कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे त्या कायद्याने बंद झाले. आपण लेखणी खाली ठेवून ऐकत राहिलात. मग आपण सांगितलेत की 1934 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले आहे, की दिवाळखोरीचा कायदा प्रामाणिक परंतु दुर्दैवी ऋणकोला नव्याने सुरुवात करता यावी म्हणून आहे. त्या दोन विशेषणांपैकी पहिले कोणी आपल्याला लावेल ही आशा मी तोवर सोडली होती.

जमीन लिहिली, पत्नीचे मंगळसूत्रही लिहिले. त्याची किंमत किती धरायची हे विचारताना आपण ते काढून दाखवा असे म्हणाला नाहीत. ते गळ्यातच राहू द्या, सराफाकडच्या जुन्या पावतीवरून वजन काढू, असे म्हणालात. कायद्याने ऋणकोजवळ राहू दिलेल्या मालमत्तेच्या मर्यादेत दोन्ही गोष्टी बसल्या. हे काम आपल्यासाठी नित्याचे असेल. माझ्या पत्नीने घरी आल्यावर देवापुढे दिवा लावला.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, ती यांपैकी कोणतीच नव्हे.

दुसऱ्या भेटीत आपण मला एक साधा प्रश्न विचारलात: "दिवसा घरी फोन कोण उचलते?" एक वर्षभर मी कंपन्यांशी आणि कार्यालयांशी बोलत होतो, पण हे कोणी विचारले नव्हते. मी सांगितले की मी गोदामात तात्पुरत्या कामावर असतो, पत्नी आणि मुलगीही बाहेर असतात, आणि घरी माझी 78 वर्षांची आई एकटी असते. वसुलीवाल्यांचे फोन तीच घेते. तिला इंग्रजी फारसे येत नाही. त्या बोलण्यातले 'कोर्ट' आणि 'पोलीस' एवढे दोनच शब्द तिला कळतात. मुलाला धरून नेतील या भीतीने तिने पुढच्या खोलीत बसणे सोडले होते, रक्तदाबाची गोळी वाढवावी लागली होती, आणि फोन वाजला की ती स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेत असे. ही शेवटची गोष्ट मला मुलीकडून कळली होती, आईने स्वतः कधी सांगितली नाही.

आपण आधी कायदा सांगितलात: वसुली एजन्सीने ऋणकोच्या कर्जाविषयी, पती वा पत्नी सोडल्यास, घरातल्या इतर प्रौढ माणसांशी बोलू नये, हे 1977 पासून कायद्यात आहे, आणि क्रेडिट कार्डाच्या कर्जासाठी या देशात कोणाला तुरुंगात टाकत नाहीत. मग आपण पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद काढलात आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तीन वाक्ये लिहिलीत. माझ्या मुलाने वकील दिला आहे. वकिलाचे नाव व फोन हा. केसचा नंबर हा. शेवटच्या ओळीत जागा मोकळी ठेवलीत आणि मला म्हणालात की या इंग्रजी वाक्यांच्या खाली त्यांचे उच्चार तुमच्या लिपीत लिहा.

मी लिहिले, कार्ड घरी नेऊन फोनशेजारी चिकटवले. इतके केल्यावर काम झाले असे मी समजलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर आई पुढच्या खोलीत बसलेली. दुपारी चार वाजता आपण स्वतः घरी फोन केला होतात. आधी नाव सांगून तिची ओळख करून घेतलीत, आणि मग वसुलीवाल्यासारखा आवाज करून दरडावून बोलायला लागलात, की तिने कार्ड पाहून उत्तर द्यावे. पहिल्या वेळी ती घाबरून गप्प राहिली. दुसऱ्या वेळी दोन वाक्ये म्हणाली. तिसऱ्या वेळी तिन्ही वाक्ये म्हणून तिने फोन आपणहून खाली ठेवला, आणि आपण लगेच पुन्हा फोन करून "व्हेरी गुड" म्हणालात, हे तिने मला त्या रात्री तीनदा सांगितले. आपल्या घड्याळात त्या पंधरा मिनिटांचे बिल कोणाच्या नावावर लागले असेल मला माहीत नाही. माझ्या नावावर तरी ते आले नाही.

अर्ज दाखल झाला त्या मंगळवारी केसचा नंबरही आपण मला न कळवता आधी तिलाच कळवलात, एकेक अंक सावकाश सांगत, आणि तिने तो मोकळ्या जागेत देवनागरी अंकांत लिहून घेतला. अर्ज दाखल होताच वसुलीला कोर्टाची स्थगिती लागते. गुरुवारी एक फोन आला. आईने कार्ड पाहिले, वाक्ये म्हटली, नंबर वाचला. पलीकडच्या माणसाने नंबर लिहून घेतला आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी घरात कितीतरी महिन्यांनी शिरा झाला.

दिवाळखोरीचा अर्ज तपासणाऱ्या ट्रस्टीबरोबरची व्हिडिओवरची भेट, त्याने जमिनीविषयी विचारलेला प्रश्न, नंतरचा पैशांच्या व्यवहाराच्या शिकवणीचा तास, हे सगळे नीट पार पडले आणि ते आपल्या तयारीमुळेच पार पडले. त्याचे तपशील आपल्याला माझ्याहून अधिक माहीत आहेत. माझ्या मनात मात्र घर करून राहिली आहे ती त्या दुपारची तालीम. कर्ज माझे होते, अर्जावर सही माझी होती, अशील मी होतो. आई त्या फाइलमध्ये कुठेच नव्हती. कागदावर नसलेल्या माणसाची भीती आपल्याला दिसली आणि ती आपल्या कामाचा भाग आहे असे आपल्याला वाटले.

माणुसकी मोठ्या दानातच असते असे मी लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या दोन वर्षांत ती मला निराळ्या जागी दिसली: घरभाडे आठ दिवस उशिरा घेऊन वर एक शब्दही न बोलणाऱ्या घरमालकांत, मुलीला स्वतःच्या गाडीतून परीक्षेला नेणाऱ्या शेजारीणबाईंत, आणि आपल्यात. आमच्या मंडळातील ज्या गृहस्थांनी मला चारचौघांत काटकसरीवर व्याख्यान दिले त्यांच्याविषयी मनात कटुता आहे. पण या तिघांची आठवण काढली की ती कमी होते, आणि म्हणून मी ती मुद्दाम काढतो.

मला आता पुन्हा कायम नोकरी लागली आहे. पत्नीची प्रकृती चांगली आहे. फोनशेजारचे कार्ड काढू का असे मी दिवाळीच्या साफसफाईत विचारले, तर आई नको म्हणाली. कोपरे उचकटले होते ते तिने नव्या चिकटपट्टीने बसवले.

येत्या होळीला आपण आमच्याकडे जेवायला यावे, असे तिचे आमंत्रण आहे. पुरणपोळी आपल्याला दुधाबरोबर आवडेल की तुपाबरोबर, हे तिने विचारायला सांगितले आहे. कृपया फोन घरीच करावा, दुपारी चारनंतर. तीच उचलेल.

आपला कृतज्ञ,
आपला एक अशील