प्रथमेशच्या सामानाची यादी

निवती येथे
ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

प्रथमेश इकडे ॲरिझोनाला विमान चालवायला शिकायला येतोय, त्याच्या सामानाची यादी काकीने परवा फोनवर वाचून दाखवली. शर्ट, बूट, हेडसेट इथपर्यंत ठीक. पुढे दुकानदाराने घातलेली भर: दोनशे डॉलरच्या वरचा इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटर, म्हणजे उड्डाणाच्या हिशोबांचं कॅल्क्युलेटर, आणि नवाकोरा आयपॅड. काकीचं म्हणणं, हल्ली मोबाइलात सगळे हिशोब फुकट होतात, मग हे कशाला? आणि आप्पा, तुम्ही मागून ओरडलात, "तिकाच इचार!" म्हणून लिहिते आहे.

आधी हिशोब कसला ते सांगते. निवतीहून निघताना तुम्ही वेंगुर्ला रॉकच्या दीपगृहावर सरळ नाळ धरत नाही, वारा आणि पाण्याची ओढ बघून थोडी बाजूला धरता. विमानाचं तसंच. उदाहरण घरचंच घेऊ. चिपीहून रत्नागिरीचा विमानतळ हवेतून साधारण ६२ नॉटिकल मैल, दिशा ३४९ अंश, म्हणजे उत्तरच, जराशी पश्चिमेला कललेली. सेसना १५२ हे शिकाऊंचं छोटं विमान ९० नॉटने, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैलांनी, चाललंय आणि पश्चिमेचा २० नॉट वारा आहे असं धरा. नाक ३४९ वरच ठेवलं तर रत्नागिरी डाव्या हाताला राहील आणि आपण हातखंब्याच्याही पुढे डोंगरात जाऊ. म्हणून नाक ३३६ वर धरायचं. त्यात जमिनीवरचा वेग उरतो ८४ नॉट आणि ४१ मिनिटांच्या जागी ४४ लागतात. तासाला ६ गॅलन इंधन धरलं तर साडेचार गॅलन जळणार. शिवाय दिवसाच्या उड्डाणाला निदान अर्ध्या तासाचं राखीव हवं, हा इथला नियम. म्हणजे आणखी ३ गॅलन.

हे सगळं काढायला ई-सिक्स-बी नावाची एक तबकडी मिळते. अमेरिकन नौदलातल्या फिलिप डाल्टनने १९३०च्या दशकात ती बनवली आणि अजून जवळपास तशीच विकतात. एका बाजूला गुणाकार-भागाकाराच्या गोल पट्ट्या, दुसऱ्या बाजूला दुधी प्लास्टिकची फिरती चकती आणि तिच्याखाली सरकणारी आखलेली पट्टी. वरच्या खुणेखाली २७०, म्हणजे पश्चिम, आणायचं, मधल्या भोकापासून वर २० नॉट मोजून पेन्सिलीने ठिपका द्यायचा. मग चकती फिरवून खुणेखाली ३४९ आणायचं, की ठिपका डावीकडे जातो. तो ९०च्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवायची. आता भोकाखाली ८४ दिसतं आणि ठिपका मधल्या रेषेच्या डावीकडे साडेबारा अंशांवर बसलेला असतो. वारा कुठून येतोय आणि आपल्याला कुठे ढकलतोय, ते चित्रच समोर असतं. ठिपका उजवीकडे गेला तर काहीतरी चुकलंय हे आकडा वाचायच्या आधीच कळतं. ॲपमध्ये २७०च्या जागी ०७० पडलं तर तेही तितक्याच दिमाखात उत्तर देतं.

हे भीती घालायला म्हणत नाही. १९८३ साली कॅनडात एका मोठ्या बोइंगमध्ये इंधन भरताना किलो आणि पौंडाची गल्लत झाली. हवे होते २२,३०० किलो, टाक्यांत एकूण झाले तेवढे पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मापक यंत्र बंद होतं, म्हणून आकडा हाताने कॉम्प्युटरला दिला आणि कॉम्प्युटरने तो खरा मानला. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि लागोपाठ दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते धूड तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, माणसं सगळी वाचली. इथेही गॅलन, लिटर, पौंड असा बाजारच आहे. प्रथमेशला ही बदलाबदल गोल पट्टीवर बोटांनी यायला हवी.

आता आयपॅड. फोरफ्लाइट नावाचं ॲप इथे जो तो वापरतो आणि ते खरंच उत्तम आहे. वरच्या हवेतले वारे ते आपसूक उचलतं, मार्ग बदलला की सगळा हिशोब क्षणात पुन्हा मांडतं. परवाना हातात आल्यावर मीही तेच वापरीन. पण ते ॲपलच्याच यंत्रावर चालतं, त्याची वर्गणी वर्षाला भरावी लागते, आणि आयपॅड ३५ अंशांपर्यंतच वापरा असं कंपनीच सांगते. ॲरिझोनाच्या उन्हात कॉकपिटमध्ये ३५ म्हणजे गारवा! लेखी परीक्षेला फोन-टॅबलेट आत नेता येत नाही हे आणखी वेगळं. तबकडी चालते. इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटरही चालतो, पण परीक्षेपुरतं त्यावर एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

उन्हावरून आठवलं. इथला विमानतळ दीड हजार फुटांवर आहे. पारा ४० वर गेला की विमान ४,९०० फुटांवर असल्यासारखं वागतं, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. धावपट्टी जास्त लागते, चढताना जीव काढतं. तोही हिशोब तबकडीवरच होतो. शिवाय इथे होकायंत्र खऱ्या उत्तरेच्या १० अंश पूर्वेला दाखवतं, ते वजा करायचं. आपल्याकडे हा फरक नावापुरताच, म्हणून प्रथमेशला सुरुवातीला विसर पडेल. त्याला आत्तापासून सांगून ठेवा.

तेव्हा काकीला सांगा, पत्र्याची ई-सिक्स-बी घ्या, पुठ्ठ्याची नको. घामाच्या हातात पुठ्ठा फुगतो. तीस-चाळीस डॉलरला इथेच मिळेल, मी घेऊन ठेवते. नकाशावर ठेवायची कोनमापक पट्टीही इथेच घेऊ, कारण ती इथल्या एकास पाच लाख मापाच्या नकाशाची लागते. आयपॅडचं सहा महिन्यांनी बघू. भारतात परवाना बदलून घेताना तिकडची परीक्षा द्यावी लागेल, तेव्हा काय चालतं ते त्या वेळी विचारून घेऊ.

१ जूनपासून बोट वर काढाल तेव्हा इंजिनाचं काम या वर्षी करूनच घ्या. आईला म्हणावं, कोकमं पोचली, सोलकढी होते आहे, फक्त नारळ इथे डब्यातला.

तुमची,
सुमी